मूत्राशयाचा स्नायु आणि मज्जातंतूंचे निरोप

ह्या लेखाचा मथळा पाहून कांहीं वाचक नाक मुरडतील, आणि शाळेच्या वार्षिकांत असा विषय यावा तरी कां, असेंही एखादे पालक म्हणतील. त्यांस एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, ज्या घरांत वृद्ध माणूस आहे अशा किती घरांत हा विषय एकदां तरी रात्रीं-अपरात्रीं निघाला नाहीं? लघवी तुंबून तळमळणारे आजोबा ज्यांनीं पाहिले आहेत, किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पहिल्यानें "लघवी झाली का?" असेंच कां विचारतात याचें ज्यांस कुतूहल वाटलें आहे, त्यांस हा विषय क्षुद्र वाटणार नाहीं. शिवाय, एका मुक्या प्राण्याच्या मूत्राशयानें शास्त्रज्ञांस सत्त्याहत्तर वर्षें कोड्यांत कसें पाडलें, ही हकीगत मोठी मनोरंजक आहे. तीच येथें मुख्यतः सांगावयाची आहे.

प्रथम रचना पाहूं. रक्तांतील त्याज्य द्रव्यें व जास्तीचें पाणी मूत्रपिंडें गाळून काढतात, आणि तें मूत्र दोन बारीक नळ्यांनीं, म्हणजे मूत्रवाहिन्यांनीं, मूत्राशयांत येऊन पडतें. येथें पाणी उतारावरून वाहतें तसें होत नाहीं. गांडूळ पुढें सरकतांना त्याच्या अंगांतून जशी लहर जाते तशी लहर मूत्रवाहिनीच्या भिंतींतून जाते व मूत्र पुढें ढकलिलें जातें. म्हणूनच आपण आडवे निजलों तरी हें काम थांबत नाहीं. एंगेलमान नांवाच्या शास्त्रज्ञानें १८६९ सालीं सशाच्या मूत्रवाहिनीवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, ही लहर स्नायूच्या स्वतःच्या अंगींच उत्पन्न होते. मज्जातंतु ती थोडी जलद किंवा मंद करूं शकतात, एवढेंच.

मूत्राशयाची गोष्ट वेगळी आहे. ती स्नायूची एक पिशवी असून मोठ्या माणसाच्या मूत्राशयांत सुमारें ४०० ते ५०० घनसेंटिमीटर मूत्र मावतें. पिशवीचा स्नायु अनैच्छिक जातीचा आहे. म्हणजे हात उचलावयाचा म्हटल्याबरोबर जसा उचलतां येतो, तसा हा आपल्या हुकुमानें थेट हलत नाहीं. मात्र पिशवीच्या मानेखालीं मूत्रमार्गाभोंवतीं एक स्नायूचें कडें असतें, तें ऐच्छिक आहे. वर्गांत तास संपेपर्यंत मुलगा दम धरून बसतो तो ह्या कड्याच्या बळावर.

ह्या यंत्राला मज्जातंतूंच्या तीन जुड्या येऊन मिळतात. पाठीच्या कण्याच्या अगदीं खालच्या भागांतून येणारे श्रोणीचे तंतु पिशवीस आवळावयास सांगतात. त्याहून वर, कमरेच्या भागांतून येणारे तंतु पिशवीस सैल राहावयास व मानेस घट्ट मिटावयास सांगतात. तिसरी जुडी ऐच्छिक कड्याची. पिशवी भरत असतां दुसरीचें व तिसरीचें राज्य असतें. रिकामी करावयाची वेळ आली म्हणजे पहिली जागी होते व इतर दोन्ही गप्प बसतात. रोज सहा-सात वेळां हा राज्यपालट बिनबोभाट घडतो, आणि तो बिघडला म्हणजेच त्याची किंमत कळते.

आतां खरा प्रश्न असा कीं, मज्जातंतु स्नायूस "सांगतो" म्हणजे करतो काय? एके काळीं समज असा होता कीं, तारेंतून वीज जावी तसा धक्का तंतूंतून थेट स्नायूंत शिरत असावा. परंतु तंतूचें टोंक स्नायूस चिकटलेलें नसतें. मध्यें अतिसूक्ष्म अंतर असतें. १९०४ सालीं केंब्रिज येथील एलियट नांवाच्या तरुण संशोधकानें अशी कल्पना पुढें मांडली कीं, तंतूच्या टोंकाशीं अ‍ॅड्रेनलीनसारखें एखादें द्रव्य बाहेर पडत असेल आणि तेंच स्नायूवर काम करीत असेल. याच एलियटनें पुढें १९०७ सालीं मूत्राशयाच्या मज्जातंतूंवर मोठा प्रबंध लिहिला. पण द्रव्याच्या कल्पनेस पुरावा मिळाला तो १९२१ सालीं, ऑस्ट्रियांतील ग्रात्स शहरीं, ओटो लोवी यांच्या हातून. लोवी स्वतः सांगत असत कीं, प्रयोगाची युक्ति त्यांस रात्रीं स्वप्नांत सुचली. अर्धवट झोपेंत ती त्यांनीं कागदावर लिहून ठेविली, आणि सकाळीं पाहतात तों स्वतःचेंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्रीं तेंच स्वप्न पुन्हां पडलें, तेव्हां मात्र ते तसेच उठून प्रयोगशाळेंत गेले. बेडकाचें एक हृदय द्रावणांत ठेवून त्याचा मंदगतीचा तंतु त्यांनीं उत्तेजित केला, हृदय मंदावलें. मग त्याभोंवतालचें द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलें, तों तेंही मंदावलें. दुसऱ्या हृदयाच्या तंतूस कोणीं हातही लाविला नव्हता. निरोप द्रव्यांतून गेला होता. तें द्रव्य म्हणजे अ‍ॅसेटिलकोलीन. त्याचे गुणधर्म हेन्री डेल यांनीं १९१४ सालींच अभ्यासिले होते. १९३६ चें नोबेल पारितोषिक ह्या दोघांस मिळून देण्यांत आलें.

मूत्राशयावरील औषधांचे प्रयोग कसे करतात तें सांगितल्यावांचून पुढील गोष्ट ध्यानांत यावयाची नाहीं. प्राण्याच्या मूत्राशयाची एक अरुंद पट्टी कापून ती क्षारयुक्त कोमट पाण्यानें भरलेल्या कांचेच्या नळींत टांगतात. पाण्याची उष्णता देहाइतकीच, म्हणजे ३७ अंश, ठेवितात व त्यांतून प्राणवायूचे बुडबुडे सोडतात. पट्टीचें एक टोंक खालीं बांधलेलें, दुसरें एका हलक्या तरफेस. पट्टी आवळली कीं तरफ उचलते. तरफेचें टोंक पूर्वीं काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर पांढरी रेघ ओढीत असे. आज तेंच काम विजेच्या यंत्रानें होतें. अशी पट्टी देहाबाहेर कित्येक तास जिवंत राहते. विजेचे सूक्ष्म धक्के दिले म्हणजे पट्टींतील तंतूंचीं टोंकें आपलें द्रव्य सोडतात आणि पट्टी आवळते. पाण्यांत औषध टाकून ती कमी आवळते कीं जास्त, हें पाहावयाचें.

ह्या क्षारयुक्त पाण्याचीही एक गंमत आहे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांस १८८२ च्या सुमारास असें आढळलें कीं, नुसत्या मिठाच्या पाण्यांत बेडकाचें हृदय छान चालतें. मागाहून कळलें कीं, त्यांच्या मदतनिसानें ऊर्ध्वपातित पाण्याऐवजीं सरळ नळाचें पाणी वापरलें होतें! शुद्ध पाणी घेतांच हृदय बंद पडूं लागलें. नळाच्या पाण्यांत चुना होता, आणि चुन्यांतील कॅल्शियमवांचून स्नायु आवळत नाहीं, हा मोठा शोध त्यामुळें लागला. मूत्राशयाच्या पट्टीसही तोच नियम लागू आहे.

प्राण्यांचा जीव घेऊन असे प्रयोग करणें कितपत योग्य, हा प्रश्न पुष्कळ पालकांच्या मनांत येईल, व तो यावा हेंच बरें. हिंदुस्थानांत प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालीं झाला असून प्रयोगांवर देखरेख करणारी समिति नेमण्याची तरतूद त्यांत आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीं रुग्णांच्या संमतीनें मिळालेले मनुष्याच्या स्नायूचे तुकडेही आतां ह्या कामीं वापरले जातात. त्यांची गरज कां पडली, तें पुढें येईलच.

पट्टीवर अ‍ॅसेटिलकोलीन टाकलें कीं ती ताडकन् आवळते. देहांत हें द्रव्य क्षणभरच टिकतें. एक पाचक रस त्याचे लगेच तुकडे करतो. हा रस बंद पाडणारें औषध आधीं दिलें तर आवळणें अधिक जोराचें व लांब चालणारें होतें. असें एक जुनें औषध पश्चिम आफ्रिकेंतील कालाबार येथील एका शेंगेच्या बियांत सांपडतें. आरोपीस ही बी खावयास लावून तो गुन्हेगार कीं निरपराधी हें ठरविण्याची तेथें रूढि होती. तेथील स्कॉटिश मिशनऱ्यांनीं ह्या बिया एडिंबरोस पाठविल्या. तेथें प्रोफेसर क्रिस्टिसन यांनीं १८५५ सालीं स्वतःच थोडी बी खाऊन पाहिली, व प्रकृति बिघडतांच दाढीचें साबणाचें पाणी पिऊन ओकारी काढली! असें धाडस आपल्या वाचकांपैकीं कोणीं करूं नये.

हीच क्रिया आपल्या शेतांतही घडते, म्हणून ती नीट समजून घ्यावी. मॅलेथिऑन, मोनोक्रोटोफॉस इत्यादि स्फुरदयुक्त कीटकनाशकें त्याच पाचक रसास निकामी करतात. मग देहभर अ‍ॅसेटिलकोलीन सांचून राहतें: तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहतें, श्वास कोंडतो, आणि मूत्राशय आपोआप आवळून लघवी कपड्यांत होते. फवारणी करून आलेल्या माणसाची अशी अवस्था दिसली तर ती भित्रेपणाची खूण न समजतां विषबाधेची समजावी व त्यास विलंब न लावतां दवाखान्यांत न्यावें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना अनेक शेतकरी व मजूर विषबाधेनें दगावले; त्या वेळीं निरनिराळ्या जातींचीं विषें वापरांत होतीं. स्फुरदयुक्त विषावर डॉक्टर जें पहिलें औषध टोंचतात त्याचें नांव अ‍ॅट्रोपीन.

अ‍ॅट्रोपीन म्हणजे विलायतेंतील बेलाडोना वनस्पतीचें सत्त्व. आणि आपल्या उकिरड्यावर उगवणाऱ्या धोत्र्यांत त्याचेंच सख्खें भावंड आहे. धोत्रा पोटांत गेलेल्या मुलाचें तोंड कोरडें पडतें, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तें बरळूं लागतें आणि त्याची लघवी तुंबते. कारण असें: स्नायूच्या अंगावर अ‍ॅसेटिलकोलीन येऊन बसण्याचीं ठराविक स्थानें असतात. केंब्रिजचे प्रोफेसर लँग्ली यांनीं १९०५ सालीं त्यांस "ग्रहण करणारें द्रव्य" असें नांव दिलें. अ‍ॅट्रोपीन त्या कुलपांत शिरतें, पण तें उघडीत नाहीं. मोडक्या किल्लीप्रमाणें अडकून बसतें. खरी किल्ली आली तरी तिला जागा मिळत नाहीं.

येथवर सर्व सरळ आहे. तंतु अ‍ॅसेटिलकोलीन सोडतो, मूत्राशय आवळतें. अ‍ॅट्रोपीन दिलें कीं आवळणें थांबावें. पण तें थांबत नाहीं! १८९५ सालीं, म्हणजे अ‍ॅसेटिलकोलीनचें हें कार्य कोणास माहीत होण्यापूर्वींच, लँग्ली व त्यांचे सहकारी अँडरसन यांनीं मांजरांवर प्रयोग केले, तेव्हां अ‍ॅट्रोपीन भरपूर देऊनही श्रोणीचा तंतु उत्तेजित करतांच मूत्राशय आवळलें. बाहेरून टाकलेल्या अ‍ॅसेटिलकोलीनचें कार्य अ‍ॅट्रोपीननें पार बंद पडतें, पण तंतूंतून येणारा निरोप मात्र अर्धाअधिक तसाच पोंचतो, हा अनुभव पुढेंही वारंवार आला. कुत्रा, ससा, उंदीर, गिनीपिग, ज्याचें त्याचें मूत्राशय असेंच हट्टी.

यावर पुष्कळ वर्षें दिलें जाणारें उत्तर असें होतें कीं, तंतूचें टोंक स्नायूच्या इतकें निकट असतें कीं अ‍ॅट्रोपीनला मध्यें शिरावयास वावच मिळत नाहीं. उत्तर चतुराईचें होतें. तपासून पाहणें कठीण, म्हणूनच तें इतकीं वर्षें टिकलें असें आम्हांस वाटतें. दुसरी शक्यता उघड होती, पण ती उच्चारावयास धैर्य लागे: तोच तंतु दुसऱ्याही कोणत्या तरी द्रव्यानें निरोप पाठवीत असेल तर?

तें धैर्य जेफ्री बर्नस्टॉक यांनीं दाखविलें. १९७२ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गिनीपिगच्या मूत्राशयावरील प्रयोगांवरून असें सुचविलें कीं, हें दुसरें द्रव्य अ‍ॅडेनोसीन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच संक्षेपानें ए. टी. पी., हें असावें. ही सूचना ऐकून अनेक विद्वानांनीं मान हलविली. ए. टी. पी. हें प्रत्येक पेशीचें इंधन. देहाच्या बाजारांतील चलनी नाणें. सृष्टींत इतकी काटकसर दिसत असतां, निरोपाची चिठ्ठी म्हणून कोणी नाणींच उधळील काय, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप अगदींच वेडगळ नव्हता. पण काय शक्य आहे हें ठरवितांना आपल्या काटकसरीच्या कल्पना सृष्टीवर लादूं नयेत, एवढें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं.

पुरावा हळूहळू जमत गेला. ए. टी. पी. सारखेंच, पण देहास सहज मोडतां न येणारें एक कृत्रिम द्रव्य आहे. तें पट्टीवर सतत ठेविलें कीं स्नायूचीं ए. टी. पी. घेणारीं स्थानें थकून बधिर होतात. १९८३ सालीं कासाकोव्ह व बर्नस्टॉक यांनीं दाखविलें कीं, अशा रीतीनें तीं स्थानें बधिर केलीं म्हणजे अ‍ॅट्रोपीनला दाद न देणारें आकुंचनही दबतें. पुढें २००० सालीं, त्या स्थानांपैकीं एक जात जन्मतःच नसलेल्या उंदरांचीं मूत्राशयें तपासलीं, तेव्हां ए. टी. पी. टाकूनही तीं आवळेनात. लँग्ली व अँडरसन यांच्या मांजरांचें कोडें असें सुटलें. एकच तंतु दोन भाषा बोलत होता: आधीं ए. टी. पी. नें एक तडकाफडकी पण अल्पकाळ टिकणारा धक्का, आणि पाठोपाठ अ‍ॅसेटिलकोलीननें सावकाश, टिकाऊ आवळ.

पण मनुष्याचें काय? निरोगी मनुष्याच्या मूत्राशयाची पट्टी घेऊन पाहिली, तर अ‍ॅट्रोपीन तिचें तंतुजन्य आकुंचन जवळजवळ सर्वच बंद करतें. म्हणजे मांजर-उंदरांस जी दुसरी भाषा येते ती आपण जवळजवळ विसरलों आहों. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तर असें दिसलें कीं, अमेरिका खंडांतील माकडांत ही दुसरी भाषा आहे, पण आशिया-आफ्रिकेंतील माकडांत नाहीं. थोडी थोडी लघवी जागोजागीं शिंपडून आपल्या हद्दीच्या खुणा करणाऱ्या प्राण्यांस तो झटपट धक्का उपयोगी पडत असावा, असा कांहीं शास्त्रज्ञांचा तर्क आहे. गल्लींतल्या खांबाशीं थांबणारा कुत्रा पाहिला म्हणजे तो तर्क पटतो. आणि आश्चर्य असें कीं, मूत्रमार्गास अडथळा येऊन किंवा रोगामुळें मनुष्याचें मूत्राशय बिघडलें, तर ही विसरलेली भाषा पुन्हां डोकें वर काढते. अ‍ॅट्रोपीनला न जुमानणारा भाग अशा रुग्णांत वाढलेला आढळतो. मनुष्याच्या स्नायूचे तुकडे कां तपासावे लागतात, तें आतां कळेल. उंदरावर गुण देणारें औषध निरोगी मनुष्यास निरुपयोगी ठरूं शकेल, आणि निरोगी मनुष्यावर पारखलेलें औषध रुग्णास अपुरें पडूं शकेल.

सैल करणाऱ्या तंतूंविषयीं थोडक्यांत सांगतों. त्यांचें द्रव्य नॉरअ‍ॅड्रेनलीन. हेंच एक द्रव्य पिशवीस सैल करतें आणि तिच्या मानेस आवळतें. १९४८ सालीं अमेरिकेंतील अहल्क्विस्ट यांनीं खुलासा केला कीं, तें ग्रहण करणारीं स्थानेंच दोन जातींचीं आहेत. त्यांस त्यांनीं अल्फा व बीटा अशीं ग्रीक अक्षरें दिलीं. मूत्राशयाच्या मानेंत अल्फा, भिंतींत बीटा. चिठ्ठी एकच, पण वाचणारा कोण यावर अर्थ ठरतो. मनुष्याच्या भिंतींत बीटांपैकीं तिसरा प्रकार मुख्य आहे, उंदरांत दुसरा व तिसरा असे दोन्ही काम करतात. तिसऱ्या प्रकारावर काम करणारें मिराबेग्रॉन हें औषध २०१२ सालीं अमेरिकेंत मंजूर झालें. वारंवार लघवीची घाई होणाऱ्यांस तें देतात. त्याआधींचीं औषधें अ‍ॅट्रोपीनच्या वळणाचीं, त्यामुळें तोंड कोरडें पडणें, बद्धकोष्ठ होणें, वृद्धांची स्मृति गोंधळणें, असे उपद्रव त्यांच्याबरोबर येत.

घरांतील आजोबांकडे आतां पुन्हां वळूं. उतारवयांत पुरुषांच्या मूत्राशयाच्या मानेखालील ग्रंथि वाढते व वाट अरुंद होते. अशा माणसानें सर्दीसाठीं दुकानांतून आणलेली साधी गोळी घेतली, तर कित्येक गोळ्यांतील एक द्रव्य अ‍ॅट्रोपीनप्रमाणें पिशवीस दुबळें करतें, आणि दुसरें अल्फा स्थानांवर बसून मान घट्ट मिटतें. नाक मोकळें होतें, पण लघवी अडते! अल्फा स्थानें अडविणारें टॅमसुलोसीन हें औषध ह्याच्या उलट काम करून वाट सैल करतें. म्हणून वृद्धांनीं सर्दीची गोळी घेण्यापूर्वीं डॉक्टरांस लघवीच्या त्रासाची कल्पना द्यावी.

पशुवैद्यांच्या दवाखान्यांत हेंच ज्ञान दुसऱ्या बाजूनें कामास येतें. गर्भाशय व अंडाशय काढून टाकलेल्या कांहीं कुत्र्यांच्या माद्या झोपेंत अंथरूण ओलें करूं लागतात. मालक त्यांस मारतो, पण दोष त्यांच्या सैल पडलेल्या मूत्रमार्गाचा असतो. अल्फा स्थानांस चेतविणारें फेनिलप्रोपॅनोलअमीन दिलें कीं बहुतेक माद्यांची मान पुन्हां नीट मिटूं लागते. हें औषध एके काळीं मनुष्यांच्या सर्दीच्या गोळ्यांत असे. मेंदूंत रक्तस्राव होण्याचा धोका दिसून आल्यामुळें २००० सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें तें माणसांच्या गोळ्यांतून काढावयास सांगितलें. कुत्र्यांसाठीं मात्र पशुवैद्य तें अजूनही लिहून देतात.